बापाचे शेवटचे वाक्य

“थांब. रडू नकोस,” म्हातारे नाटककार खुर्चीतूनच म्हणाले. “रडणं सोपं असतं. पुन्हा दारापासून.”

ती निमूटपणे दारापर्यंत मागे गेली. चौथा महिना, आणि प्रवेश तोच: घर सोडून गेलेली मुलगी बारा वर्षांनी बापाची क्षमा मागायला येते. आधी त्यांनी तिच्याकडून संताप करवून घेतला, मग लाज. एकदा तर चक्क हसत माफी मागायला लावली. दर वेळी कुठेतरी उणे निघे, आणि बापाचे शेवटचे वाक्य येण्याआधीच तालीम मोडे.

उशीची खोळ बदलता बदलता सेविका हे सारे पाहत होती. वृद्धाश्रमाच्या वहीत ही ‘नटी’ दर रविवारी ‘नाते’ या रकान्यात ‘मुलगी’ असे लिही, हे तिला ठाऊक होते. पहिल्या दिवशी आजोबांनी विचारले, “नवी नटी का तू?” आणि हाती या प्रवेशाचा कागद ठेवला. डॉक्टर म्हणाले, विसर पडतो आहे, वाद घालू नका. तेव्हापासून पोटची पोर बापाला ‘सर’ म्हणत होती.

“ताई, सांगून टाका ना एकदाचं,” सेविका मागे एकदा जिन्यात तिला म्हणाली होती.

“मुलीला ते ‘चालती हो’ म्हणाले होते. पुन्हा तेच म्हणाले तर? कागदावर तरी बापाच्या तोंडी शेवटी ‘आत ये’ लिहिलंय. तेवढं त्यांच्या तोंडून ऐकलं, की सुटले मी.”

आज मात्र दाराशी उभी राहताच तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवून दिला. तिचा आवाज चढला नाही, भिजलाही नाही.

“आई गेली तेव्हा मी स्टेशनपर्यंत आले होते. फलाटावरूनच परत फिरले. तुम्ही दार उघडणार नाही, याची भीती नव्हती. उघडाल, याची होती.”

सेविकेचे हात खोळीतच थांबले. आजोबांचे ओठ हलले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

“नाही जमलं. स्टेशन कागदात नाही. पुढच्या रविवारी बघू.”

“येते, सर.”

तिची पावले जिना उतरून गेली, तशी सेविका उसळलीच. “आजोबा, काळीज आहे की धोंडा? दर शनिवारी माझ्या मागे लागून दाढी करून घेता, नटी येणार म्हणून! आणि त्या बिचारीला एकदा ‘जमलं’ म्हणवत नाही?”

ते खिडकीतून फाटकाकडे पाहत राहिले, ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत.

“पहिल्याच रविवारी जमलं होतं तिला,” ते म्हणाले. “पण पोरगी माझ्याच वळणावर गेलीय. मनावरचं ओझं उतरलं, की पुन्हा फिरकायची नाही.”