निरोगी नळी

१९८८ साल. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशींना 'वाढा, वाढा' असा चुकीचा संदेश कोण देतं, हे आमच्या बाई शोधत होत्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. रोग्याच्या रक्ताशेजारी तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागायचं. ते बाई नेहमी स्वतःचंच देत. बाही वर करून म्हणत, "घे गं, माझ्याइतकं ठणठणीत इथे कोण आहे?"

रक्तात तो चुकीचा संदेश असला की एक्स-रेसारख्या फिल्मवर त्या नळीच्या जागी काळी पट्टी उमटे. त्या महिन्यात ती निरोगी नळीच्या जागीही उमटू लागली. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"नळ्यांची अदलाबदल करतेस तू. लक्ष कुठे असतं तुझं?" बाई कडाडल्या. "आणखी एकदा असं झालं, तर उद्यापासून येऊ नकोस."

माझा जीव थाऱ्यावर राहिना. चौथ्या खेपेला मी गुपचूप माझंही रक्त शेजारी लावलं. माझी जागा कोरी निघाली, बाईंची काळी. मी फिल्म नाचवतच त्यांच्या खोलीत गेले.

"बघा बाई, माझी चूक नव्हतीच!"

बाईंनी फिल्म बराच वेळ उजेडात धरली. मग "चुकलं गं माझं," म्हणाल्या आणि त्यांच्या नावापुढे मी लिहिलेलं 'निरोगी' नखाने खरवडू लागल्या.



बाई पुढे अकरा वर्षं जगल्या, मी त्याच टेबलावरून निवृत्त झाले. पण ती फिल्म नाचवत गेलेली मुलगी मला अजून स्वस्थ बसू देत नाही.