एकतीस वजा

"एकतीस वजा," लिपिकांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "तीनशे बाराचे राहिले दोनशे एक्याऐंशी. प्राध्यापकपदाला तीनशे लागतात, मॅडम."

तिला वाटलं, यंत्राचं काहीतरी बिनसलं. दुसरे संशोधक आपल्या लेखात तिच्या लेखांचा उल्लेख करत, त्यांची ही मोजदाद. रोज सकाळी प्रयोगशाळेत आली की पर्स खाली ठेवायच्या आधी ती तो आकडा बघायची. घरी चौकशी करणारं कुणी नव्हतं. नोकरीच्या अर्जात 'आणीबाणीत कुणाला कळवावे' या रकान्यात तिनं प्रयोगशाळेचाच नंबर लिहिला होता. आकडा एकानं वाढला तरी तिचा दिवस बरा जायचा.

"मी माझाच उल्लेख कधी केला नाही हो, भाऊसाहेब."

"तुम्ही नाही, तुमच्या सहलेखिकेनं केलाय. तोही घरचाच धरतात. आपल्या भाषणाला आपल्याच माणसांनी टाळ्या वाजवल्यासारखं ते." ते हसले, आणि तिचा चेहरा बघून थांबले. "एक वाट आहे. हे हमीपत्र द्या, एकतीसच्या एकतीस परत मिळतील. पाचपर्यंत मात्र. पुढच्या खेपेला वय आडवं येईल तुमचं."

हमीपत्रात एकच ओळ होती : सदर सहलेखिकेशी माझा कोणत्याही प्रकारचा संबंध नाही.

खोटं काहीच नव्हतं त्यात. एकोणीस वर्षं नव्हता.

सहलेखिका म्हणजे टाचणी. काटकुळी, आणि बोलणं टोचरं, म्हणून टाचणी. नवजात बाळांच्या काविळीवर दोघींनी सरांच्या हाताखाली काम केलं होतं. काचेच्या बशीतल्या पेशींना दर दोन दिवसांनी खाऊ घालावं लागे, सुट्टी असो की ताप. एकीनं घातलं की दुसरीला चिठ्ठी : 'पोरं जेवली. तूही जेव.' काम निम्मं-निम्मं होतं. पण लेख पाठवायच्या दिवशी संगणकासमोर ती होती, आणि तिनं स्वतःचं नाव पहिलं टाकलं. टाचणी भांडली नाही. महिन्याभरात दुसऱ्या गावी निघून गेली. पुढे सर वारले. त्या लेखाचं पान तिनं पुन्हा कधी उघडलं नाही. नुसती बेरीज बघत राहिली.

आज उघडलं.

त्याचा उल्लेख करणारे टाचणीचे एकतीस लेख निघाले. एकेक करून ती वाचत गेली. सुरुवातीच्या लेखांत उल्लेख गरजेचा होता. मग टाचणी काविळीवरून मूत्रपिंडाकडे गेली, तिथून हाडांकडे. हाडांच्या लेखात काविळीचं काय काम? तरी तिथेही एक वाक्य ओढूनताणून बसवलेलं होतंच. पेशी इतके दिवस जगवायच्या कशा, हे आम्ही यांच्याकडून शिकलो. पुढे तिचं नाव, आणि 'व इतर'.

दोघींची आणि सरांची, तिन्ही नावं लिहायची पद्धत नसते. पहिलं लिहायचं, बाकीचे 'इतर'.

एकोणीस वर्षांत टाचणीनं एकतीस वेळा तिचं नाव लिहिलं होतं, आणि एकतीस वेळा स्वतःला 'इतर'मध्ये घातलं होतं.

शेवटच्या लेखाच्या तळाशी लेखिकेचा फोन नंबर होता. घंटा बराच वेळ वाजली.

"कोण?"

"मी."

तोच टोचरा आवाज, जरा म्हातारा झालेला :

"किती हाका मारायच्या गं माणसानं?"

पाचला दहा कमी असताना लिपिक स्वतःच जिना चढून वर प्रयोगशाळेत आले. चांगला माणूस. हातात पेनही आणलं होतं, टोपण काढून. टेबलावर हमीपत्र तसंच बिनसहीचं होतं. तिचे डोळे लाल होते, आणि या खोलीत तिला हसताना ते पहिल्यांदाच बघत होते.

"करा सही, मॅडम. संबंध नाही ना काही?"

"दुपारी विचारलंत तेव्हा नव्हता, भाऊसाहेब."