इतर आजार नाहीत

"दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" मी मृण्मयीला विचारलं.

"छे हो, ठणठणीत आहे पोरगी," तिची आईच म्हणाली. शेजारी होणारी सासू बसली होती. मृण्मयीनं मान खाली घातली. मी कागदावर 'इतर आजार नाहीत' लिहिलं आणि लाल डोळ्यासाठी स्टिरॉइडचे थेंब दिले.

तीन आठवड्यांनी दोघी मायलेकीच आल्या. त्या डोळ्याला समोरची बोटंही दिसेनात. थेंबांनी वरची लाली दबली होती, पण आत विषाणूला मोकळं रान मिळून त्यानं आतला पडदा पोखरला होता. हे दुखणं प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाचं, ठणठणीत पोरीचं नव्हे. "काय लपवलंत?" मी ओरडलो.

आईनं पदर सरकवून कुशीवरचा लांब व्रण दाखवला. दोन वर्षांपूर्वी तिनं लेकीला किडनी दिली होती. ती टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मृण्मयी रोज घेत होती.

"लग्न मोडलं असतं, डॉक्टर," आई म्हणाली. "किडनी जुळली, तसा माझा डोळाही जुळेल ना?"

"आतला पडदा बदलता येत नाही," मी फटकारलं. "पहिल्याच दिवशी खरं बोलला असतात तर?"

मृण्मयी पहिल्यांदाच बोलली. "गोळ्यांचं तुम्ही मला विचारलं होतंत, डॉक्टर. उत्तर आईचं का लिहून घेतलंत?"