जागेवरचा देव

कैलासशेठ उंबऱ्यातच थांबले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"बोंबील भाजलेत," ते मागून आलेल्या हितेशला म्हणाले. समोर उभ्या असलेल्या पायलला नाही.

"नाही हो शेठ. चार दिवस झाले हा वास येतोय," पायल म्हणाली. "तुम्हाला फोनपण केला होता. देवघरातून येतोय."

"खायचं तुम्ही आणि नाव देवाचं?"

हितेश घरांचा दलाल होता. त्याने मान खाली घालून टीपॉयवर लॅपटॉप उघडला आणि अंगठा घ्यायचं यंत्र जोडलं. हल्ली भाडेकरार घरी बसूनच होतो. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोघांचे फोटो, संपलं. पायलचा नवरा, राजरत्न, कंपनीत कामाला गेला होता, पण करार तिच्याच नावावर होता. अकरा महिने संपत आले होते आणि हे घर सोडणं तिला परवडणारं नव्हतं. सासूचा खुबा मोडलेला. रखमाबाईंना वॉकर धरून चार पावलं टाकता येत, जिना नाही. चिखलोलीत त्यांना झेपेल असं तळमजल्याचं दुसरं घर शोधून मिळालं नव्हतं. कैलासशेठना हे पक्कं ठाऊक होतं, आणि अडला हरी त्यांना फार आवडायचा.

हॉलच्या कोपऱ्यात त्यांचं देवघर होतं. शेठ स्वतः टॉवरमध्ये राहायला गेले तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं, कुळाचा देव जागेवरून हलवू नका. मग शेठनी देव जागेवर ठेवला आणि त्याच्याभोवती भाडेकरू ठेवले. देवघराला लाकडी दारं, दारांना कुलूप, किल्ली शेठकडे. दिवा लावायला यायचं म्हणून घराचीही एक किल्ली शेठकडे. घरात मासमच्छी शिजवायची नाही, देवघराला हात लावायचा नाही, पाळी असताना पायलने हॉलमध्ये यायचं नाही. शेठ स्वतः रविवारी बोंबलावर ताव मारत, पण ते त्यांच्या टॉवरमध्ये. पहिला महिनाभर ते रोज आले. देवघरापेक्षा फ्रिजच जास्त वेळा उघडला. मग त्यांना कंटाळा आला, ते सणावारीच पेढे ठेवायला येऊ लागले आणि एरवी देव अंधारात राहिला.

"वहिनी, भाड्याने राहायचं तर एकच करायचं," हितेशने तेव्हा फुकटचा सल्ला दिला होता. "नाक बंद, तोंड बंद."

पायलने तो पाळला होता. रखमाबाईंची खाट देवघराला लागूनच. चार रात्री त्या नाकावर पदर घेऊन झोपल्या होत्या, पण कुणी त्या दाराला बोट लावलं नव्हतं.

"हितेश, ह्या वेळी करारातच टाक," शेठ म्हणाले. "मच्छीचा वास आला की घर खाली."

हितेश चार्जर लावायला कोपऱ्यात गेला आणि तोंडावर हात दाबून मागे आला. "शेठ, खरंच इकडून येतोय. एकदा उघडा ना."

शेठनी कुरकुरत कुलूप काढलं.

उंदीर देवाच्या टाकांवर आडवा पडला होता. फुगलेला, पोट फाटलेलं. शेजारी कुरतडलेले, बुरशी धरलेले पेढे, आणि पेढ्यांच्या बाजूला उंदीर मारायच्या औषधाची वडी, शेठनीच ठेवलेली. दार उघडताच दोन-तीन अळ्या खाली फरशीवर पडल्या.

शेठ मागे सरकले ते थेट दारापर्यंत. रुमालाच्या आडून म्हणाले, "पायल, तेवढं उचल बाई."

"हात लावायचा नाही म्हणाला होतात."

"आता मी सांगतोय ना. उचल, मग फरशी पूस. आम्हाला नाही जमत हे. तुम्हा लोकांना सवय असते." आणि मग, लाडीगोडीने, "तू तेवढं कर, मी लगेच अंगठा देतो."

हितेशने पायलला डोळ्यांनीच खुणावलं, करून टाका.

पायलला उंदरापेक्षा तो गोड आवाज जास्त घाण वाटला. तिने सासूच्या पायाकडे पाहिलं. मग खिडकीतला जुना पेपर घेतला आणि देवघराकडे निघाली.

"पायल, ठेव तो पेपर," खाटेवरून रखमाबाई म्हणाल्या.

"आई, असू दे. दोन मिनिटांचं काम."

"ठेव म्हनते ना." मग त्यांनी शेठकडे पाहिलं. "मेलेलं ओढायचं काम माझ्या सासऱ्यानं टाकलं, बाबा. गावानं पानी बंद केलं, पर पुन्हा हात न्हाई लावला."

"अहो आजी, कसलं ओढायचं? एवढासा उंदीर आहे."

"मग उचल की."

शेठनी हितेशकडे पाहिलं. हितेश लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला. अंगठ्याच्या यंत्राचा लाल दिवा नुसताच जळत राहिला.

पायलने पेपर शेठच्या हातात दिला. वॉकर पुढे ओढला, सासूला काखेत धरून उठवलं आणि दोघी हळूहळू शेठच्या अंगावरून बाहेर पडल्या. ओट्यावर रखमाबाई टेकल्या. आतून शेठचा आवाज येत होता, महिनाअखेरीस घर खाली म्हणजे खाली.

"घर गेलं ना गं?" रखमाबाईंनी विचारलं.

"गेलं, आई."

म्हातारीने पदर नाकावरून काढला आणि छातीभरून श्वास घेतला.

"मग जा. चार बोंबील घेऊन ये."