शेंदरी शेंडीचा साक्षीदार

"तीन दिवस कशाला, मॅडम? अर्ध्या दिवसात तो पक्षी तुमच्या पुढ्यात आणून बसवतो," गावच्या वाटाड्याने, क्वाकु ब्रोबेने, छाती ठोकून सांगितलं.

मॅडम डेला घानाच्या राजधानीहून, अक्क्राहून, जंगलाची पाहणी करायला आल्या होत्या. त्यांच्याकडे तीन दिवस होते आणि एक छापील कागद. शेंदरी शेंडीचा तो पक्षी दिसला तर गावामागचं जंगल वाचणार. नाही दिसला तर करवती येणार.

क्वाकुचं गणित सोपं होतं. मुंग्यांची फौज निघाली की पाचोळ्यातले किडे जीव घेऊन पळतात आणि हा पक्षी मागोमाग येऊन ते टिपतो. मुंग्या शोधल्या की पक्षी हजर. पहिल्या दिवशी मुंग्याच सापडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सापडल्या, पण क्वाकु नेमका त्यांच्यावरच उभा राहिला. मॅडमनी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत मुंग्या त्याच्या विजारीत शिरल्या होत्या. तो असा काही बोंबलला की पक्षी सोडा, माकडंसुद्धा पळाली.

तिसरा दिवस गुरुवार. गुरुवारी भूमातेची विश्रांती, जंगलात कुणी पाऊल टाकत नाही. क्वाकु गावप्रमुखाच्या हातापाया पडला. जंगलच राहिलं नाही तर गुरुवार पाळायचा कुठे, असंही विचारून पाहिलं.

म्हातारा म्हणाला, "बाकीचे सहा दिवसही तू गुरुवारच पाळतोस. आजच बरं काम आठवलं."

दुपारी क्वाकु अंगणात डोकं धरून बसला होता. तेवढ्यात त्याची बायको अफिया एका काखेत तान्हं पोर आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा घेऊन धावत आली. मुंग्यांची फौज स्वयंपाकघरात शिरली होती. क्वाकुने तिच्या हातातला डबाच हिसकावला.

"येऊ दे त्यांना."

"अहो, आत कोंबडीची पिल्लं आहेत."

"खाऊ दे."

मुंग्यांनी पिल्लं खाल्ली. मग फौज मागच्या केळीत उतरली, किडे उसळले आणि बुंध्याशी शेंदरी शेंडी दिसली. पक्षी अर्धा तास निवांत जेवला. मॅडमनी सतरा फोटो काढले. क्वाकु आनंदाने ढसाढसा रडला. अफियाही रडली, पण पिल्लांसाठी.

संध्याकाळी मॅडमनी कागद वाचून दाखवला. पक्षी दिसला: होय. ठिकाण: गावात, स्वयंपाकघरामागे. जंगलात दिसला: नाही.

"पण मॅडम, तो आला जंगलातूनच ना?"

"कुठून आला, असा रकाना नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी शेवटची ओळ लिहिली: पक्षी गावात सुखाने राहतो, जंगलतोडीस हरकत नाही.