अंबूसाठी

"स्वल्प आवाज वाढव गं," अंबुबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून लॅपटॉपपुढं वाकल्या.

चंदनानं आवाज वाढवला. गेल्या दसऱ्याला वारलेले तिचे अप्पा आतून खाकरले, अगदी तस्सेच!

चामराजपेटेत लग्नपत्रिका छापायचा अप्पांचा धंदा. त्यांचा पेनड्राइव्ह साऱ्या प्रेसमधून फिरलेला, म्हणजे व्हायरसचं माहेरघरच. त्यात 'अंबूसाठी' नावाची एक फाइल निघाली. ती ऐकायला चंदनानं लॅपटॉपच्या आतच दुसरा बंदिस्त कॉम्प्युटर उभा केला. आत काही पेटलं तरी बाहेर झळ नाही. इंदिरानगरच्या ऑफिसात ती दिवसभर हेच करते. तिथली शिस्त कडक: घातक फाइलची प्रत ठेवायची नाही, तीच उचलून आत टाकायची आणि पेनड्राइव्ह पार पुसायचा. फाइल आत तपासायची, स्वच्छ निघाली तर बाहेर पाठवायची. मग आतला कॉम्प्युटर मोडून टाकायचा. घरीही तिनं सवयीनं फाइल आत टाकून पेनड्राइव्ह पुसला होता.

"अंबू," अप्पा म्हणाले, "समोरासमोर बोलायला कधी जमलं नाही मला. आता तरी ऐक..."

अंबुबाईंनी चटकन पडद्यावर हात ठेवला. "थांबव! थांबव गं बाई. एकटीला नाही सोसायचं. तुझी अक्का येऊ दे आनेकलहून, मग मिळून ऐकू."

"सरी, आई, थांबू."

चंदनालाही रडू आवरेना. डोळे पुसत तिनं आतल्या कॉम्प्युटरची विंडो बंद केली. आतलं सगळं नष्ट होईल, चालेल का, असं मशीननं विचारलं. ते रोजच विचारतं. तिच्या बोटानं रोजच्यासारखं 'हो' दाबलं.

आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. फाइल बाहेर पाठवायची राहिली होती! पेनड्राइव्ह तर कोराच. तिनं पुन्हा पुन्हा शोधलं, पण सापडणार काय, कपाळ! मागमूस उरू नये म्हणूनच तर तिनं ते तसं बांधलं होतं.

स्वयंपाकघरात अंबुबाई थोरल्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. कितीतरी महिन्यांनी आवाजात हसू होतं. "अगं रक्षिता, तुझ्या अप्पांचा आवाज सापडला! नाही गं, पुढचं नाही ऐकलं. तुझ्यासाठी थांबलेय. लवकर ये."

चंदना दारात जाऊन उभी राहिली. कसंबसं सांगितलं.

अंबुबाईंनी फोन ओट्यावर ठेवला.

"आता तरी ऐक, म्हणाले होते गं," त्या म्हणाल्या. "आणि मीच त्यांना थांबवलं."