पुढून उचललेली पिकअप

घोडीला पोटशूळ उठला, तशी लेकीनं तिला ट्रेलरमध्ये चढवलं, ट्रेलर पिकअपला जोडला आणि बाबांना शेजारी घेऊन जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली. ट्रेलरच्या वजनानं पिकअप मागून बसली, पुढून उचलली गेली आणि स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं.

"पुढून उंच करून घेतलीस ना, सपाट दिसावी म्हणून," बाबा म्हणाले. "अगं, मागची बाजू मुळातच उंच ठेवलेली असते. ओझं आलं की ती खाली बसते आणि गाडी सपाट होते. आता पुढची चाकं रस्ता धरत नाहीयेत बघ."

"आधी पोहोचू द्या, बाबा. मग हवं तेवढं रागवा."

तिनं वेग आणखी कमी केला. मागे घोडी लाथा झाडत होती.

"थोडं आधी आणायला हवं होतं," दवाखान्यात, गतप्राण घोडीजवळून उठत डॉक्टर एवढंच म्हणाले.

परतताना ट्रेलर रिकामा होता. पिकअप सपाट, सरळ चालली होती. आता बाबा बोलतील, तिला वाटलं. बोलू देत.

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी छान दिसते गं तुझी."